शाल विणून झाली होती, फक्त उघडायची राहिली होती

माझी पहिली क्रोशाची शाल दोन वर्षं कपाटात पडून होती. मावशीसाठी केलेली. साखळी आणि खांब हे क्रोशाचे टाके मला तिनेच शिकवले, त्यामुळे पहिली मोठी वस्तू तिलाच द्यायची असं ठरवूनच सुरू केलेली, आणि तीन महिने रोज रात्री थोडं थोडं करत एकदाचा शेवटचा टाका घातला, धागा कापला, शाल पसरली आणि बघतच राहिले. पॅटर्नच्या फोटोत होतं तसं काहीच नव्हतं. जाळी कुठे दिसतच नव्हती, भोकं सगळी आक्रसलेली, कडेचे शिंपले आत वळलेले, मधला कणा फुगून वर आलेला, आणि आकाराने तर एवढीशी की खांद्यावरून पुढे येईपर्यंत संपली. मला वाटलं आपला हात घट्ट आहे, आपल्याला हे जमणारं काम नाही. घडी करून आत ठेवून दिली आणि मावशीला सांगितलंच नाही की काही केलं होतं म्हणून.

मुख्य चूक विणण्यात नव्हतीच, हे मला दोन वर्षांनी कळलं. शाल पूर्णच झाली नव्हती. लोकरीची जाळीची शाल सुईवरून उतरते तेव्हा ती अर्धीच झालेली असते, उरलेली अर्धी पाण्यात भिजवून आणि पिनांवर ताणून वाळवताना होते, त्याला ब्लॉकिंग म्हणतात, आणि ते मला कोणी सांगितलं नव्हतं. हे कळल्यावर मी जी दुसरी शाल केली ती पहिल्या टाक्यापासून त्या शेवटच्या दिवसाकडे बघत केली. म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय, कोणाची तरी अशीच एखादी शाल कपाटात असेल तर.

सुरुवात लोकरीपासून. दुसऱ्या वेळी मी शंभर टक्के मेरिनो मेंढीची लोकर घेतली, बारीक, १०० ग्रॅममध्ये ४०० मीटर, ज्याला फिंगरिंग म्हणतात ती जाडी. याहून बारीक लेस लोकर पण असते, १०० ग्रॅममध्ये ८०० मीटरच्या आसपास, ती सुंदर दिसते पण टाके शोधत बसावं लागतं, पहिल्या दुसऱ्या शालीला नकोच. खरी लोकर का, तर ती ओली झाली की नरम पडते आणि ज्या आकारात वाळवाल त्या आकारात बसते. लोकरीच्या तंतूत जे प्रथिन असतं त्याच्या साखळ्यांमधले काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्या जागी पुन्हा जुळतात. ओल्या केसांना पिळून बांधून ठेवलं की वाळल्यावर लाटा येतात ना, तेच. केस आणि लोकर एकाच प्रथिनाचे आहेत. अ‍ॅक्रिलिक असं करत नाही, ते पाण्याने बदलत नाही, त्याला उष्णता लागते, म्हणजे वाफ. तीसुद्धा इस्त्री वर अधांतरी धरून, टेकवायची नाही, कारण टेकली की धाग्यातला जीव जातो, तो लुळा आणि चकचकीत होतो आणि मग परत कधीच पूर्वीसारखा होत नाही. सुती धागा ताणून वाळवला तर छान बसतो, पण जड असतो, त्यामुळे मोठी शाल स्वतःच्या वजनानेच लोंबत जाते. मोहेर, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांची लोकर, ढगासारखी दिसते खरी, पण तिचे केस एकमेकांत अडकतात आणि उसवायला घेतली की रडवते, शिकताना तर नकोच.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे, जाळीला एकच रंग हवा. रंगीबेरंगी धागा लडीत बघितला की घ्यावासा वाटतो, पण शालीत डोळा रंगांच्या ठिपक्यांवरून धावतो आणि तुम्ही जीव ओतून केलेली नक्षी कोणाला दिसतच नाही. फार गडद पण नको, रात्री दिव्याखाली काळ्या धाग्यातला टाका सापडत नाही. मी फिकट निळसर राखाडी घेतला. आणि एकाहून जास्त लड्या लागणार असतील तर सगळ्यांवरचा डाय लॉटचा, म्हणजे रंगवण्याच्या घाण्याचा, नंबर एकच आहे का बघून घ्या, रंगाचं नाव तेच असलं तरी वेगळ्या घाण्यातला रंग अर्ध्या शालीवर पट्टा पाडतो.

लडी तशीच विणायला घेऊ नका, आधी गुंडा करायचा. खुर्चीच्या पाठीवर अडकवून हाताने केला मी, तासभर गेला पण धागा ओळखीचा होतो त्यात, कुठे गाठ आहे कुठे विरळ आहे ते बोटांना कळतं. फक्त गुंडा सैल करायचा. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणलेली राहते आणि विणल्यावर आक्रसते.

आता सुई. लेबलवर जो नंबर दिलेला असतो तो साध्या भरीव विणकामासाठी असतो. माझ्या लेबलवर ३ मिलीमीटर होतं, मी ४ घेतली. पहिल्या शालीला मी लेबलवर होतं तेच प्रामाणिकपणे वापरलं होतं, आणि तिथेच अर्धं नुकसान झालं. जाळीच्या कामात टाक्यांना हलायला जागा पाहिजे, नाहीतर शेवटी ताणायला गेलं तर ताणायला काही उरतच नाही. मी आधी तळहाताएवढा नमुना केला, भिजवला, पिना लावून वाळवला, मग पिना काढून एक दिवस तसाच ठेवला आणि मग हातात धरून बघितला. नमुना न भिजवता मोजणं म्हणजे न केल्यासारखंच आहे, कारण तुम्हाला जी शाल मिळणार आहे ती भिजल्यानंतरचीच. ३ च्या सुईने दाट झाला होता, ५ ने नुसता लोंबत होता, ४ ने जाळी उघडी राहिली आणि खांब सरळ उभे राहिले.

आपल्याकडचे शब्द मला फार आवडतात हे इथे सांगूनच टाकते. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. ऐकलं की टाका डोळ्यासमोर येतो. इंग्रजीत घोळ आहे, ब्रिटिश पद्धतीत ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो अमेरिकन पद्धतीत सिंगल क्रोशे, म्हणजे आपला बुटका मुका खांब, आणि अमेरिकन डबल म्हणजे आपला उंच खांब. त्यामुळे लिहिलेला पॅटर्न घेतला की आधी कुठल्या पद्धतीचा आहे ते बघायचंच, नाहीतर सगळी शाल अर्ध्या उंचीची होईल. मी शक्यतो चार्टवरून करते. चार्टला भाषा नसते. लांबट गोल म्हणजे साखळी, अधिकचं चिन्ह किंवा फुली म्हणजे मुका खांब, आणि खांबाच्या दांडीवर जितक्या तिरक्या रेघा तितके वेढे आधी सुईवर घ्यायचे. आणि चार्टमध्ये रिकामी जागा रिकामीच दिसते, जाळी कशी पडणार ते कागदावरच कळतं.

शाल त्रिकोणी केली, मानेपासून खाली. एका छोट्या गोलात सुरुवात, त्यात थोडे खांब, मधोमध २ साखळ्या, परत तेवढेच खांब. मग प्रत्येक ओळीत तीन ठिकाणी वाढवायचं, दोन्ही टोकांना आणि मधल्या २ साखळ्यांच्या जागेत. मध्ये २ खांब, २ साखळ्या, २ खांब, असं एकावर एक येत जातं आणि त्याचा पाठीवर कणा तयार होतो. सुरुवातीचा गोल धागा ओढून बंद करायचा असेल तर त्याचं टोक आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने ओवून घ्या, एकाच दिशेने ओवलेलं टोक ताणल्यावर सरकतं आणि मानेपाशी भोक पडतं, जिथे सगळ्यात जास्त ओढ असते तिथेच.

दर ओळीच्या सुरुवातीला खांबाऐवजी ३ साखळ्या घालतात, त्याने कडेला एक उभी फट पडते, मला ती डोळ्यात खुपते. मी त्याऐवजी एक मुका खांब घालून त्यावर २ साखळ्या घालते, उंची तीच येते आणि कड भरलेली दिसते. आणि कडेला कधीच घट्ट ओढायचं नाही! मधलं अंग कितीही सैल असलं तरी वरची कड घट्ट असेल तर शाल पसरतच नाही, दोरीने बांधल्यासारखी राहते. माझ्या पहिल्या शालीचं हे दुसरं दुखणं होतं. हाताला कड घट्ट करायची सवय असेल तर कडेच्या टाक्यांपुरती साखळी मुद्दाम अंगठ्याने खाली ओढून धरा, सवय होते.

नवव्या ओळीत मी मधली वाढ विसरले. आणि कळलं कधी, तर सतराव्या ओळीत, शिंपल्यांची नक्षी बसेना तेव्हा. शिंपला म्हणजे एकाच टाक्यात ५ खांब, त्याच्या दोन्ही बाजूला २-२ टाके सोडायचे आणि मग एक मुका खांब, असा ६ टाक्यांचा हिशेब, त्यामुळे टाके ६ च्या पटीत आणि वर १ लागतात. एका बाजूला दोन टाके कमीच पडत होते. मी तीनदा मोजलं. मग खाली खाली बोट फिरवत गेले आणि कण्यात एक जागा सापडली जिथे २ साखळ्याच नव्हत्या, नुसते खांब चालले होते. आठ ओळी उसवल्या. उसवताना वाईट वाटलं, पण एक गोष्ट क्रोशाची मला तिथेच मनापासून पटली, की सुईवर फक्त एकच टाका जिवंत असतो. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळेच्या सगळे टाके सुईवर उघडे असतात, एक निसटला की खालपर्यंत शिडी पडत जाते, म्हणून जाळी करणारे मध्ये मध्ये एक वेगळा दोरा ओवून ठेवतात, परत यायला. क्रोशाला त्याची गरजच नाही. धागा ओढा, हवं तिथे थांबा, तो एक फास सुईवर घ्या आणि पुढे चला. चूक सोडून द्यायचं कारणच उरत नाही. त्यानंतर मी कण्यातल्या जागेत लाल दोऱ्याचा एक तुकडा अडकवून ठेवला आणि दर ओळीला तो वर सरकवत गेले, आणि दर चौथ्या ओळीला दोन्ही बाजूचे टाके मोजले. परत चूक झाली नाही.

उसवलेला धागा कुरळा होतो, तो मी तसाच वापरला, आठच ओळींचा होता आणि शेवटी भिजवल्यावर सरळ होतोच.

आता एक हिशेब जो मला कोणीतरी आधी सांगायला हवा होता. त्रिकोणी शाल दर ओळीला लांब होत जाते, म्हणजे धागा सारखा सारखा जात नाही. ४० ओळींचं अंग धरलं तर अर्धा धागा २८ व्या ओळीपाशी संपलेला असतो, आणि उरलेला अर्धा फक्त १२ ओळी खातात. विसाव्या ओळीला गुंडा बघून वाटतं अजून खूप आहे, आणि मग शेवटी कडेला आल्यावर धागा संपतो. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर गुंडा ठेवून बघत होते. तिसाव्या ओळीला साधारण ३ ग्रॅम गेले, चाळिसाव्या ओळीला ४ ग्रॅम. तिथे थांबले तेव्हा हातात २० ग्रॅम होते. कडेच्या तीन ओळी आणि वर पिको, म्हणजे ३ साखळ्यांचा छोटा फास जो टोकाला दाण्यासारखा दिसतो, या सगळ्याला १६ ग्रॅम लागले. ४ ग्रॅम उरले. अजून एक ओळ घालायचा मोह झाला होता, घातली असती तर कड अर्धवट राहिली असती. कड अर्धवट राहण्यापेक्षा अंग एक ओळ कमी बरं, असं मला तरी वाटतं.

शेवटच्या दहा ओळी लांबच लांब असतात, एकेक ओळ एका बैठकीत होत नाही, आणि मनगट बोलायला लागतं. अर्ध्या तासाने सुई खाली ठेवायची, बोटं उघडायची, खांदे सोडायचे. सुई पेनसारखी धरा की सुरीसारखी, दोन्ही बरोबर आहेत, दुखलं की बदलून बघा.

पिकोला मला वेगळं प्रेम आहे. कडेवर ते येतात आणि शाल एकदम पूर्ण झाल्यासारखी वाटते, पण खरं काम त्यांचं पुढे असतं, पिना लावायला जागा तेच देतात. याचा संबंध मला आयरिश क्रोशाबद्दल वाचताना लागला. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडून मोठा दुष्काळ आला, तेव्हा बायकांना घरबसल्या चार पैसे मिळावेत म्हणून क्रोशाची लेस शिकवली गेली आणि ती विकून कितीतरी घरं जगली. त्यांची पद्धत अशी की फुलं, पानं, गुलाब आधी सुटे सुटे विणायचे, मग आकार काढलेल्या कापडावर ते उलटे ठेवून टाचायचे आणि मधल्या जागेत पिकोची जाळी विणून सगळं जोडायचं, आणि शेवटी कापड सोडवायचं. म्हणजे ताणून धरलेली जागा आधी आणि जाळी नंतर. आपण शाल उलट्या क्रमाने करतो, जाळी आधी आणि ताण नंतर, पण ताणल्याशिवाय जाळी दिसत नाही हे त्यांनाही माहीत होतं. मला हे वाचून इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी, आपली आक्रसलेली शाल आठवून.

तर पाण्याचा दिवस. टबमध्ये साधं पाणी, थंडही नाही आणि गरमही नाही, त्यात लोकरीचा सौम्य साबण थोडासा. शाल वरून हळूच दाबत बुडवली आणि २० मिनिटं हात लावला नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकून बसतात आणि त्याचा नमदा, म्हणजे दाट जाड थर, होतो, जाळी कायमची बुजते. त्यामुळे चोळायचं नाही, पिळायचं नाही, नळाच्या धारेखाली धरायचं नाही. बाहेर काढताना दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचलायची, एका टोकाने उचलली तर पाण्याच्या वजनाने लांबते. टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी केली आणि तिच्यावर गुडघ्याने दाबत गेले. दोन टॉवेल लागले.

मग फरशीवर फोमच्या चटया जोडून त्यावर शाल पसरली. न गंजणाऱ्याच पिना घ्या, गंजाचा डाग लोकरीतून जात नाही. आधी वरच्या सरळ कडेचा मध्य, मग दोन टोकं, मग कण्याचं खालचं टोक. या चार पिना बसल्या की बाकीचं समान वाटून घ्यायचं, दोन्ही बाजूंना आळीपाळीने, आणि एकेका पिकोत एकेक पिन. भिजवण्याआधी मी मोजलं होतं, रुंदी ११८ सेंटीमीटर आणि खोली ५२. पिनांवर ती १५० आणि ६८ झाली. सगळ्या पिना लागायला दीड तास गेला, कंबर गेली, पण तिसऱ्या बाजूला पोचेपर्यंत पहिल्या बाजूची जाळी उघडलेली दिसत होती, प्रत्येक शिंपला पंख्यासारखा, आणि त्यांच्यामधून खालच्या चटईचा रंग चौकोन चौकोन दिसत होता. ज्या जागा मी सोडल्या होत्या त्या सगळ्या जागेवर होत्या.

पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. हाताला कोरडी वाटली तरी आत ओल असते आणि घाईने पिना काढल्या तर शाल परत आत येते. मी दीड दिवस थांबले. उन्हात नाही, पंख्याखाली.

तेवढ्या दीड दिवसात मी कपाटातली जुनी शाल बाहेर काढली. क्रीम रंगाची, घडीची वळकटी पडलेली, कसर लागली नव्हती हे नशीब. सुई बारीक होती, कड घट्ट होती, तरी म्हटलं बघू. नवी शाल उचलल्यावर त्याच चटयांवर तिला पिना लावल्या. नवीइतकी नाही उघडली, वरची कड अडूनच बसली आणि मी जबरदस्ती केली नाही, पण खालचं अननसाचं डिझाईन, जे मी तीन महिने विणलं होतं आणि कधी बघितलंच नव्हतं, ते दिसलं. अननस होते. सात होते. मी फरशीवर बसून मोजले.

पुढच्या आठवड्यात मावशीकडे घेऊन गेले. सांगितलं सगळं, दोन वर्षांपूर्वीची आहे म्हणून. ती म्हणाली, अगं मग तेव्हाच का नाही आणलीस, मी भिजवली असती की. तिला ब्लॉकिंग हा शब्द माहीत नव्हता, पण ती तिचे रुमाल कायम भिजवून गादीवर टाचण्या लावून वाळवायची, मला शिकवताना ते सांगायचं राहून गेलं होतं एवढंच. मग तिने चष्मा लावला, शाल खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि वरच्या कडेपासून बोटाने टाके मोजायला लागली.